ओल्या पावलाचा ठसा आणि टाचेचे दुखणे

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या 42 वर्षांच्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. गेले सहा महिने सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच त्यांच्या उजव्या टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. दहा-पंधरा पावले चालल्यावर ती ओसरते आणि शाळा सुटेपर्यंत पुन्हा वाढते. एक्स-रेमध्ये ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे दिसले. मध्यंतरी शहरातल्या एका मॉलमध्ये तळव्यांचे रंगीत चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर त्या उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या विक्रेत्याने ‘तुमचे दोन्ही तळवे सपाट आहेत, दुखण्याचे मूळ तेच’ असे सांगून 6,500 रुपयांचे खास इनसोल (बुटात घालायचे आतले तळ) सुचवले. घरी आल्यावर त्यांचे लक्ष सहा वर्षांच्या मुलीकडे गेले, तर न्हाणीघरातून बाहेर येताना फरशीवर उमटणारा तिचा ठसाही पूर्ण भरलेला. सासूबाई म्हणतात, मुलीचा पाय सपाट असणे शुभ नाही. पतींना वाटते, आताच खास बूट घातले नाहीत तर पुढे तिला धड पळता येणार नाही. ओघात त्यांनी असेही लिहिले आहे की जूनपासून त्यांचा वर्ग नव्या इमारतीत भरतो आणि फरशी स्वच्छ राहावी म्हणून मुले आणि शिक्षक सगळेच चपला दाराबाहेर काढतात. त्या विचारतात: दोघींसाठी इनसोल आणि बूट घ्यावेत का, आणि मुलीला हे माझ्यामुळे आले का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण बाकीच्या प्रश्नांहून तोच तुम्हाला अधिक जाचत असावा. तळव्याची ठेवण काही अंशी आईवडिलांकडून येते, जशी नाकाची किंवा बोटांची येते, आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. शिवाय सहा वर्षांच्या मुलीला काही ‘आले’ आहे असे म्हणण्याची वेळच अजून आलेली नाही. ते कसे, हे पुढे सांगते.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकाच गाठीत बांधल्या गेल्या आहेत: तुमची टाचदुखी, तुमच्या तळव्याचा आकार आणि मुलीच्या पावलाचा ठसा. ही गाठ त्या यंत्रासमोर बसली, ती आधी सोडवू. चित्रात तुमचे दोन्ही तळवे सपाट दिसले, पण दुखते आहे ती एकटी उजवी टाच. तळवे बहुधा कळते झाल्यापासून असेच असतील, आणि दुखणे मात्र सहा महिन्यांचे आहे. जी गोष्ट दोन्ही पायांत आहे आणि चाळीस वर्षे आहे, ती एका बाजूच्या सहा महिन्यांच्या दुखण्याचे एकमेव मूळ कशी ठरेल? सहा महिन्यांपूर्वी काय बदलले, हे त्या विक्रेत्याने विचारले नाही, आणि त्याचे उत्तर तुम्ही स्वतःच जाता जाता लिहून गेला आहात: जूनपासून तुम्ही रोज पाच-सहा तास टणक फरशीवर अनवाणी उभ्या आहात.

आता तळव्याच्या कमानीविषयी थोडे, कारण हे समजले की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात आणि ती हाडे तीन कमानींत रचलेली असतात: आतल्या बाजूने टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत जाणारी सर्वांत उंच कमान, बाहेरच्या बाजूची करंगळीकडची बुटकी कमान, आणि चवड्याच्या मागे आडवी जाणारी तिसरी. पुष्कळ जण या रचनेची तुलना पुलाच्या दगडी कमानीशी करतात, पण दगडी कमान हलली की ढासळते; पावलाची कमान दर पावलागणिक खाली बसते आणि पुन्हा उचलली जाते, आणि तिचे सगळे काम या हालचालीतच आहे. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर टेकवा आणि अंगठा हाताने वर उचला. तळव्याचा खळगा तुमच्या डोळ्यांदेखत वर येताना दिसेल. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो, त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर यावा, तसा अंगठा वर वळला की हा पट्टा ताणला जातो आणि कमान उचलली जाते. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये या रचनेचे वर्णन केले, तेव्हा त्यांनीही तिला दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचेच नाव दिले होते. चालताना टाच उचलून आपण पुढे रेटा देतो, त्या क्षणी हेच घडत असते.

ओल्या पावलाची चाचणी तुमच्या मुलीने नकळत केलीच आहे. कोरड्या शहाबादी फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर ओले पाऊल टेकवून उभे राहिले, की ठशाच्या आतल्या बाजूला मध्यम खाच दिसते तो सर्वसाधारण तळवा, खाच जवळजवळ नसते तो सपाट किंवा कमी कमानीचा तळवा, आणि टाच व चवडा यांना जोडणारी केवळ बारीक पट्टी उमटते, किंवा तीही उमटत नाही, तो उंच कमानीचा तळवा. गौरींच्या वेळी आपण मुठीच्या कडेने लक्ष्मीची पावले उमटवतो, त्यांच्या आतल्या बाजूला डौलदार बाक असतो. ते चित्र लहानपणापासून मनात बसलेले असल्यामुळे भरलेला ठसा पाहिला की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात माणसांचे तळवे या तीन खणांत नीट बसत नाहीत. पार सपाट ते अगदी उंच अशी ती एक सलग रांग आहे आणि तिच्यातली बहुतेक माणसे आयुष्यभर विनातक्रार चालतात. अमेरिकी पायदळाच्या 246 प्रशिक्षणार्थींच्या तळव्यांची मोजमापे घेऊन 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वांत कमी दुखापती कमी कमानीच्या तरुणांना आणि सर्वांत जास्त उंच कमानीच्या तरुणांना झाल्या, असे आढळले होते. पुढे त्याच देशाच्या सैन्यदलांत तळव्याचा आकार पाहून त्यानुसार धावण्याचे बूट वाटून पाहिले, तेव्हा दुखापती त्यामुळे कमी झाल्या नाहीत. मॉलमधले यंत्र तुम्ही स्थिर उभ्या असताना कोणत्या भागावर किती दाब पडतो एवढेच दाखवते. ते चित्र खोटे नसते, पण त्यावरून दुखण्याचे निदान होत नाही.

चित्रापेक्षा अधिक सांगणारी चाचणी फुकट आहे. भिंतीला हाताचा हलका आधार घेऊन दोन्ही चवड्यांवर उभ्या राहा आणि पतींना मागून पाहायला सांगा. चवड्यांवर उभे राहिल्यावर तळव्याचा खळगा दिसू लागला आणि टाचा किंचित आतल्या बाजूला वळल्या, तर तुमचा तळवा सपाट असला तरी लवचिक आहे, आणि असा तळवा न दुखता चालत असेल तर त्याला उपचार लागत नाही. खळगा आलाच नाही आणि टाच बाहेरच कललेली राहिली, तर तळवा ताठर आहे आणि त्यामागचे कारण अस्थिरोगतज्ज्ञाकडून शोधून घ्यायला हवे. मग एकाच पायाच्या चवड्यावर उठून पाहा. तुमच्या वयाच्या स्त्रियांच्या बाबतीत मी ही दुसरी पायरी मुद्दाम करायला लावते, कारण चाळिशीनंतर घोट्याच्या आतल्या बाजूने जाऊन कमान उचलून धरणारा स्नायूबंध काहींच्या बाबतीत झिजत जातो. तेव्हा आधी चांगली असलेली कमान एकाच पायात हळूहळू बसते, आतल्या घोट्याखाली सूज आणि दुखणे येते, मागून पाहिल्यास त्या पायाची बोटे दुसऱ्यापेक्षा जास्त संख्येने बाहेर डोकावतात, आणि त्या एका पायावर टाच उचलता येत नाही. असे आढळले तर हा मजकूर वाचणाऱ्या कोणीही घरगुती उपायांत महिने घालवू नयेत. तुम्ही वर्णन केलेले दुखणे मात्र टाचेखालचे आणि सकाळच्या पहिल्या पावलाचे आहे, त्यामुळे माझा रोख वेगळ्या दिशेला आहे.

त्याआधी मुलीविषयी. मूल जन्मते तेच सपाट तळव्याचे. खळग्याच्या जागी चरबीची मऊ गादी असते आणि सांधेही सैल असतात. कमान चालता-धावताना, चढता-उतरताना घडत जाते आणि हे घडणे साधारण दहाव्या वर्षापर्यंत चालू राहते. ऑस्ट्रियात 835 मुलांची पाहणी करून 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांपैकी 54 टक्क्यांचे तळवे सपाट होते, आणि सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 24 टक्के होते. म्हणजे तुमच्या मुलीच्या इयत्तेतल्या चार मुलांमागे एकाचा ठसा तिच्यासारखाच असू शकतो. खास बुटांचे म्हणाल, तर अमेरिकेत 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लवचिक सपाट तळव्यांच्या लहान मुलांचे गट पाडून काहींना सुधारक बूट आणि इनसोल तीन वर्षे घालायला दिले आणि काहींना काहीच दिले नाही. तीन वर्षांनी सगळ्याच गटांतल्या मुलांच्या कमानी सुधारल्या होत्या आणि बूट घातलेल्या मुलांच्या इतरांपेक्षा अधिक सुधारल्या नव्हत्या. बुटांनी कमान घडते हा समज टिकून राहिला त्याचे कारणही इथेच आहे: बूट घातले आणि कमान आली, पण ती बुटांविनाही येणारच होती.

तुम्हाला उपयोगी पडेल असा आणखी एक अभ्यास आपल्या देशातलाच आहे. दक्षिण भारतातल्या 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन 1992 मध्ये जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण 8.6 टक्के आणि अनवाणी वावरणाऱ्या मुलांत 2.8 टक्के आढळले. बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. बुटांमुळेच तळवा सपाट होतो असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण लहान वयात पावलाला जखडून ठेवण्याची घाई करू नये, हे सुचवायला तो पुरेसा आहे. मुलीला अंगणात, मातीत, हिरवळीवर, काचा-खिळे नसल्याची खात्री करून, अनवाणी खेळू द्या. दोरीवरच्या उड्या, लंगडी, झाडावर चढणे यांत चवडा आणि पोटरी दोन्हींना काम मिळते. शाळेचे बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे, बूट चवड्याच्या जागी वाकतो आणि बोटे आत पसरू शकतात, एवढे पाहा, आणि ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन अंक मोठा घेऊ नका, कारण सैल बुटात पाऊल घसरते आणि मूल बोटे आखडून चालू लागते.

तिला चवड्यांवर उभे करून खळगा येतो का ते मात्र पाहा. तो येत असेल, ती इतर मुलांबरोबर खेळत असेल आणि पाय दुखल्याची तक्रार करत नसेल, तर काहीही विकत घेऊ नका. तळवा ताठर असेल, एकच पाय सपाट असेल, ती चालताना लवकर थकून कडेवर घ्यायला सांगत असेल, किंवा दुखण्यामुळे खेळ सोडून बसत असेल, तर लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

सासूबाईंशी वाद घालू नका असेच मी सांगेन, पण गप्पही राहू नका. आपल्या भाषेत ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द किती मुलींच्या कपाळी मारला गेला हे तुम्हाला सांगायला नको, आणि पायाच्या ठशावरून मुलीचे नशीब ठरवण्याची सुरुवात घरातच होऊ नये असे मला मनापासून वाटते. मुलीला त्यांच्यासमोर चवड्यांवर उभी करा आणि उचललेला खळगा त्यांना हाताने चाचपू द्या. आकडेवारीपेक्षा आजीच्या बोटांना लागलेला तो खळगा अधिक काम करील. मुलीसमोर ‘सपाट’, ‘वाईट’ हे शब्द मात्र कोणीच वापरू नयेत, ही अट पतींनाही घाला.

आता तुमची टाच. सकाळचे पहिले पाऊल, थोड्या चालण्याने उतार आणि दिवसअखेर पुन्हा चढ, ही खूण तळव्याच्या त्या पट्ट्याची आहे. टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटतो तिथे ताण पेलवेनासा झाला की असे दुखते. रात्रभर पोटरी आणि पट्टा आखडलेले असतात आणि उठताच अंगाचे सगळे वजन त्यांच्यावर येते. एक्स-रेमधल्या वाढलेल्या हाडाची धास्ती सोडा. असे हाड कसलीही टाचदुखी नसलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसते आणि दुखणे गेल्यावरही ते तिथेच राहते. ताठर पोटऱ्या, फार वेळ उभे राहणे, वाढलेले वजन आणि कामाच्या जागेतला अचानक बदल ही याची नेहमीची कारणे आहेत. बहुतेकांना वर्षभरात शस्त्रक्रियेविना आराम पडतो, पण त्यासाठी पायाला रोज काहीतरी द्यावे लागते.

पहिली गोष्ट वर्गातली. मुख्याध्यापकांशी बोला आणि केवळ वर्गात घालायचा, बाहेर न नेलेला, मऊ आणि जाड तळाचा, मागे पट्टा असलेला सँडलचा एक जोड कपाटात ठेवा. फरशी स्वच्छ ठेवण्याचा हेतू त्याने मोडत नाही. घरातही गादीवरून पाय खाली ठेवण्याआधी अशीच मऊ चप्पल पायात सरकवा. कोल्हापुरी चप्पल मलाही आवडते, पण तिचा कातडी तळ टणक आणि सपाट असतो, म्हणून टाच बरी होईपर्यंत ती सणासमारंभापुरती ठेवा. इनसोल, ज्याला पूर्वी सुकतळा म्हणत, तो टाळायलाच हवा असे मी म्हणत नाही. टाचेला आणि खळग्याला आधार देणारा साधा तयार इनसोल पहिले काही महिने बरा वाटू शकतो. परंतु ऑस्ट्रेलियात 135 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मापाने बनवलेला महाग इनसोल, तयार इनसोल आणि नुसती पातळ गादी यांच्यात वर्षाअखेरीस फरक उरला नव्हता. तेव्हा 6,500 रुपये देण्याची गरज मला दिसत नाही. शे-पाचशेत मिळणारा घ्या, आठवडाभर घालून पाहा, आणि पायाला तो बोचत असेल तर काढून टाका.

दुसरी गोष्ट व्यायामाची, आणि खरा भर तिच्यावर द्या. सकाळी पाय जमिनीला टेकवण्यापूर्वी अंथरुणावरच बसून दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पाचही बोटे नडगीकडे ओढा आणि दहापर्यंत मोजा. असे दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपलात तर ताणलेला पट्टा दोरीसारखा लागेल, तोच ताण हवा आहे. याच्या जोडीला एक दिवसाआड पट्ट्याला बळ देणारा व्यायाम करा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभ्या राहा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा म्हणजे ती वर वळलेली राहतील, कठडा धरा, तीन मोजत टाच वर न्या, वर दोन मोजेपर्यंत थांबा, आणि तीन मोजत खाली या. सुरुवातीला दोन्ही पायांवर, बळ आल्यावर दुखऱ्या एकट्या पायावर, आणि दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकांचे दप्तर घेऊन. डेन्मार्कमध्ये हा प्रयोग झाला तेव्हा तीन महिन्यांनी नुसत्या ताणण्यापेक्षा याने अधिक आराम पडला होता. करताना थोडे दुखले तर चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ आदल्यापेक्षा वाढली असेल तर टाच उचलण्याच्या वेळा कमी करा. टाचेत इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला तर लगेच होकार देऊ नका. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी. ज्यांची कमान उंच आहे त्यांच्या चवड्यावर आणि टाचेवर अधिक भार येतो, तिथे कुरूप (कातडीचा कडक घट्टा) होते आणि घोटा मुरगळतो. त्यांना मऊ तळ आणि पोटऱ्या ताणणे मानवते. मात्र मोठेपणी कमान उंच होत चालली असेल, विशेषतः एकाच पायाची, किंवा बोटे वाकडी होऊन पाय अडखळत असतील, तर ते मज्जातंतूंच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला हवे. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी फिरण्याचा वरचा सल्ला स्वतःला मुळीच लावून घेऊ नये. संवेदना कमी झालेल्या तळव्याला खडा रुतलेला कळत नाही आणि त्या जखमेतून पाय गमावण्याची वेळ येते. त्यांनी घरातही एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे मऊ सच्छिद्र रबर) तळाची चप्पल घालावी, रात्री आरशात तळवे पाहावेत, आणि पाऊल अचानक सुजून, लाल होऊन गरम लागले तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सैन्यभरतीची तयारी करणारी मुलेही मला तळव्यांविषयी विचारतात. भारतीय सैन्याच्या वैद्यकीय निकषांत नुसता सपाट ठसा अपात्र ठरवत नाही. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान येते, चवड्यांवर नीट धावता आणि उड्या मारता येतात, आणि पाऊल लवचिक व वेदनारहित आहे, असा उमेदवार पात्र धरला जातो. अडचण असते ती ताठर तळव्यांची. या मुलांनी ऐनवेळी घाबरण्यापेक्षा चाचणी आधीच करून घ्यावी.

तुम्ही बारा आठवडे हे करा आणि वर्गाच्या हजेरीवहीशेजारी एक छोटी वही ठेवून सकाळच्या पहिल्या पावलाची कळ रोज 0 ते 10 मध्ये लिहा. आकडा हळूहळू उतरत असेल तर तसेच चालू ठेवा. बारा आठवड्यांत तो हललाच नाही, रात्री झोपेतही टाच दुखू लागली, पायाला मुंग्या आल्या किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही ताठू लागली, तर ती वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा आणि नवी इमारत, अनवाणी उभे राहणे, दिवसाचे तास, हे सगळे त्यांना सांगा. यंत्राचे रंगीत चित्र दाखवायचे असेल तर ते त्यानंतर.